कागदावरची होडी

दिवाळी जवळ आली की आमच्या समुद्रकाठच्या गावातसुद्धा मुले अंगणात किल्ले करतात. रायगडाला नकाशा लागत नाही. माती, दगड, एक जुने पोते आणि भरपूर भांडणे एवढ्या भांडवलावर तो नरकचतुर्दशीच्या आत उभा राहतो. काही वर्षांपूर्वी आठवीतला एक मुलगा मला म्हणाला, "सर, किल्ला दरवर्षीच करतो. ह्या वर्षी होडी करूया. खरी, बसायची."

मी त्या शाळेत चित्रकला आणि हस्तव्यवसाय शिकवतो, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. जे काही शिकलो ते छापील कागदावरून शिकलो. त्यामुळे कागदावर माझा विश्वास जरा जास्तच आहे. होडी करायची म्हटल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो नकाशांचा, आणि आमच्या गावात तीन पिढ्या होड्या बांधणारे मेस्त राहतात हा विचार दुसरा आला. हा क्रम चुकला, हे मला पुढे कळायचे होते.

नकाशे मिळाले. अकरा फुटांची, दोन वल्ह्यांची, प्लायवुडची साधी होडी. चार पाने आकृत्या आणि एक पान मापांचे कोष्टक. मी ती पाने वर्गातल्या फळ्यावर टाचणीने लावली. मुलांनी त्यांच्याकडे देवळातल्या मूर्तीकडे पाहावे तसे पाहिले. संध्याकाळी मी ती गुंडाळी घेऊन मेस्तांच्या पडवीत गेलो. मेस्तांचे वय तेव्हा पंचाहत्तरच्या पुढे होते. त्यांना लिहिता-वाचता येत नसे. त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा धरला, आणि मला परत दिला.

"मास्तरांनू," ते म्हणाले, "ही होडी कागदार बरी तरंगता. पाण्यात घालतालात तेवा माका बोलवा."

मला राग आला. आज प्रामाणिकपणे सांगतो, त्या रागातूनच मी ह्या विषयाच्या मागे लागलो. नकाशा पाहून होडी बांधणारी माणसे जगात झाली आहेत की नाहीत, आणि ती बुडाली की तरली, हे मला शोधून काढायचे होते. जे सापडले ते आज सणाच्या निवांतपणात वाचकांपुढे ठेवतो.

* * *

माणूस होड्या बांधू लागला त्यानंतर कितीतरी शतके त्याला नकाशाची गरज भासली नाही. आपल्या किनाऱ्यावरचे मचवे, पडाव, गलबते ही सगळी डोळ्यांनी आणि हातांनी बांधली गेली. कणा ठेवायचा (आमच्याकडे त्याला पठाण म्हणतात), पुढे नाळ उभी करायची, आणि मग बापाने जसे वाक बसवले तसे आपण बसवायचे. माप म्हणजे हात, वीत आणि दोरी. कागदावर जहाजाची रीतसर आकृती काढण्याची चाल युरोपात सोळाव्या शतकापासून दिसू लागते. अठराव्या शतकात तिचे शास्त्र झाले. १७६८ साली फ्रेडरिक चॅपमन या स्वीडिश जहाजशिल्प्याने जहाजांच्या आकृत्यांचा जो भव्य ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आजही अभ्यासक उघडून बसतात.

आकृती आली तशी एक नवी गोष्ट शक्य झाली. जहाज एका देशात कल्पिता येऊ लागले आणि दुसऱ्या देशात बांधता येऊ लागले. तिचे एक नामांकित उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. ब्रिटिश आरमाराने १८१२ साली 'ट्रिंकोमाली' नावाची लढाऊ फ्रिगेट मुंबईच्या गोदीत बांधण्याचे ठरवले. तिचे नकाशे 'जावा' नावाच्या जहाजातून मुंबईला निघाले. वाटेत, १८१२ च्या डिसेंबरात, ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ 'जावा'ची अमेरिकन 'कॉन्स्टिट्यूशन'शी गाठ पडली, आणि 'जावा' त्या लढाईत संपली. नकाशेही तिच्याबरोबर गेले. मग दुसरी प्रत पाठवावी लागली. १८१६ साली काम सुरू झाले. जमशेटजी बमनजी वाडिया या पारशी जहाजशिल्प्याने कण्यात चांदीचा खिळा ठोकला, आणि १८१७ च्या ऑक्टोबरात सागवानाची ती फ्रिगेट पाण्यात उतरली. आज दोनशेहून अधिक वर्षांनी ती इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत उभी आहे. नकाशा बुडाला, जहाज मात्र अजून बुडालेले नाही.

परंतु जमशेटजी उस्ताद होते. त्यांच्या हाताखाली पिढीजात सुतार होते. नकाशात जे लिहिलेले नसते ते त्यांना आधीच ठाऊक होते. माझ्यासारख्याचे काय? ज्याच्या घराण्यात कोणी वाकस हातात धरला नाही, त्याने केवळ कागदावरून होडी बांधावी का?

* * *

ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा पहिला मोठा उद्योग अमेरिकेत झाला. थॉमस फ्लेमिंग डे नावाचा एक गृहस्थ न्यूयॉर्कला 'द रडर', म्हणजे 'सुकाणू', या नावाचे मासिक चालवत असे. त्याचे म्हणणे असे की समुद्र हा काही श्रीमंतांच्या मालकीचा नाही. सामान्य माणसाने आपल्या हाताने लहान होडी बांधावी आणि खुशाल समुद्रावर जावे. नुसते म्हणून तो थांबला नाही. १९०१ साली त्याने चार्ल्स मोवर या आराखडेकाराच्या साहाय्याने 'सी बर्ड' नावाच्या सुमारे साडेपंचवीस फुटी होडीचे नकाशे मासिकात छापले, बांधायचे कसे ह्याच्या सूचनांसह.

ह्या होडीत एक युक्ती होती. गोल पोटाची होडी बांधणे नवशिक्याला फार कठीण. तिचे वाक वाफेवर मऊ करून वळवावे लागतात, आणि प्रत्येक फळी दोन दिशांनी पिळावी लागते. 'सी बर्ड'चे पोट गोल नव्हते. तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा, बाजू जवळजवळ सपाट, आणि दोन्ही मिळतात तिथे एक स्पष्ट कंगोरा. म्हणजे प्रत्येक वाक हा सरळ लाकडाचे तुकडे जोडून करता येतो. घराचे दार करता येणाऱ्या माणसाला तो जमतो. जाणकारांनी नाके मुरडली. असली खोकडी समुद्रात टिकणार नाही, असे ते म्हणू लागले. तेव्हा १९११ साली डे स्वतः दोन सोबत्यांना घेऊन 'सी बर्ड'मध्ये बसला आणि अटलांटिक ओलांडून जिब्राल्टरला पोचला. संपादकाने आपल्या मासिकातल्या लेखाची सत्यता स्वतःच्या जिवावर सिद्ध करून दाखवावी, असे प्रसंग वाङ्मयाच्या इतिहासात थोडेच.

ह्याच घराण्यातल्या 'सीगोअर' नावाच्या थोरल्या होडीचे नकाशे हॅरी पिजन नावाच्या माणसाच्या हाती पडले. ह्या माणसाचे चरित्र मला फार आवडते. तो १८६९ साली आयोवा प्रांतात शेतकऱ्याच्या घरी जन्मला. आयोवा म्हणजे मक्याचा प्रदेश, समुद्र दोन्ही बाजूंनी शेकडो कोस दूर. वयाच्या अठराव्या वर्षी तो कॅलिफोर्नियात गेला तेव्हा त्याने खारे पाणी पाहिले. पुढे छायाचित्रे काढून पोट भरू लागला. १९१७ साली, म्हणजे अठ्ठेचाळिशीला टेकलेला असताना, त्याने लॉस एंजेलिसच्या बंदराकाठी एक मोकळी जागा पाहिली, लाकूड आणून टाकले, आणि नकाशा उघडला.

दीड वर्ष तो एकटा काम करत होता. साहित्याला सुमारे हजार डॉलर लागले. होडी चौतीस फूट लांब झाली. तिचे नाव त्याने 'आयलंडर' ठेवले. होडी झाली, पण ती समुद्रावर न्यायची कशी हे त्याला कुठे येत होते? ताऱ्यांवरून आणि सूर्यावरून जागा काढण्याची विद्या त्याने ग्रंथालयातील पुस्तकांतून शिकून घेतली. आधी हवाई बेटांपर्यंत जाऊन आपली आणि होडीची परीक्षा पाहिली. मग १९२१ च्या १८ नोव्हेंबरला, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, तो एकटा पश्चिमेकडे निघाला. ताहिती, सामोआ, फिजी, न्यू गिनी, हिंदी महासागरातले मॉरिशस, मग दक्षिण आफ्रिका. केप टाउनहून निघाल्यावर एका रात्री तो झोपला असता होडी वाहवत जाऊन किनाऱ्याला लागली. उजाडल्यावर पाहतो तर दोन्ही बाजूंना खडक, आणि मधोमध तेवढ्या वाळूच्या पट्टीवर 'आयलंडर' अलगद बसलेली. तो गावकऱ्यांच्या मदतीने तिला पुन्हा पाण्यात घेऊन पुढे निघाला. अटलांटिक ओलांडला, पनामाचा कालवा पार केला, आणि १९२५ च्या ३१ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसला परत आला. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो जगातला दुसरा माणूस. पहिला जोशुआ स्लोकम. पण स्लोकम हा हाडाचा कप्तान होता, आणि त्याने १८९५ ते १८९८ ची आपली प्रदक्षिणा ज्या 'स्प्रे' होडीतून केली ती एका कुजलेल्या जुन्या होडीच्या जागी फळी फळी बदलून केलेली होती. कागद समोर ठेवून, शून्यातून, हौशी हाताने बांधलेली होडी एकट्याने जगाभोवती नेण्याचा मान पिजनचाच.

पुढे १९३२ ते १९३७ या काळात त्याने त्याच होडीतून दुसरी प्रदक्षिणा केली. एकट्याने दोनदा पृथ्वीभोवती गेलेला तो पहिलाच. उतारवयात त्याने लग्न केले, आणि पत्नीसह पुन्हा निघाला असता पॅसिफिकमधल्या न्यू हेब्रिडिज बेटांत वादळाने 'आयलंडर' फुटली. तो १९५४ साली वारला. पण त्याआधी, म्हातारपणी, त्याने पुन्हा एकदा 'सी बर्ड'चा जुना नकाशा उघडून लहान होडी बांधली होती. त्याच्या आयुष्याचा बराचसा हिशेब त्या मासिकाच्या पानांत मावतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

* * *

पिजनची हकीगत वाचून मी फुगलो. मेस्तांना ती मोठ्या तोऱ्याने जाऊन सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि विचारले, "तेना जमनीर लिवल्यान काय?" त्याने जमिनीवर लिहिले का?

मला प्रश्न कळला नाही. कळला तो होडी बिघडल्यावर.

होडीच्या नकाशात तीन आकृत्या असतात. एक बाजूने दिसणारी, एक वरून दिसणारी, आणि एक समोरून दिसणारी, जीत सगळे वाक एकापुढे एक कांद्याच्या पापुद्र्यांसारखे दिसतात. वरून आणि समोरून दाखवताना होडीची एकच बाजू काढतात. दुसरी अगदी तशीच, असे गृहीत धरलेले असते. शेजारच्या कोष्टकात प्रत्येक वाकाची मापे दिलेली असतात, आणि ती लिहिण्याची रीत चमत्कारिक आहे. '२-७-४' असे लिहिले असेल तर ते दोन फूट, सात इंच आणि इंचाचे चार अष्टमांश, म्हणजे दोन फूट साडेसात इंच. आता गोम अशी की ही मापे आराखडेकाराने आपल्या लहान आकृतीवरून मोजलेली असतात. आकृतीत एका फुटाला एक इंच हे प्रमाण असेल, तर त्याच्या पेन्सिलीच्या रेषेची अर्ध्या मिलिमीटरची जाडी खऱ्या होडीत सहा मिलिमीटर होते. म्हणून शहाणा बांधणारा कोष्टकातल्या आकड्यांवरून थेट लाकूड कापत नाही. तो आधी मोठ्या जमिनीवर होडीची पूर्ण आकाराची आकृती काढतो, आकड्यांच्या खुणांवर खिळे मारतो, आणि त्यांना लगटून लाकडाची लांब लवचिक पट्टी वाकवतो. पट्टी सुरेख वळली तर आकडे बरोबर. कुठे ती खिळ्याला टेकेना किंवा खिळा तिला ढकलू लागला, तर तो आकडा चुकीचा. मग आकडा सोडायचा आणि पट्टीचे ऐकायचे.

मेस्तांचे 'जमनीर लिवणा' ते हेच. मी ते गाळले होते. सुट्टी तीन आठवड्यांची, वर्गाची लांबी पुरेना, आणि शिवाय आकडे छापलेले होते! छापील आकडा चुकेल ही कल्पना माझ्या मनाला शिवली नाही. प्रत्यक्षात चूक छापणाऱ्याची नव्हती, माझीच होती. तिसऱ्या वाकाच्या एका मापात मी सहाचे शून्य वाचले होते. मुलांनी सहा वाक कापले, उलटे उभे केले, वर तक्ता वाकवला. तिसऱ्या वाकापाशी तक्ता टेकेना. मी तिथे लाकडाची चकती भरली. ती भरताना मला मनातून ठाऊक होते की आपण काहीतरी लपवत आहोत. वर्गात चौकोन काढताना रेषा चुकली तर 'पुन्हा काढ' म्हणणारा मी, त्या मुलांसमोर चकती भरत होतो. प्लायवुडही मी तालुक्याच्या दुकानातून साधे आणले. समुद्राच्या पाण्याला लागणारे महाग होते.

होडी पाण्यात घातली तेव्हा मेस्तांना बोलावले. त्यांनी एकदा तिच्या कुशीवरून तळहात फिरवला, पुढून मागे. हात एका जागी थांबला.

"तिसरो वाक कमी पडलो हा, मास्तरांनू."

ते हसले नाहीत. हसले असते तर बरे झाले असते. होडी तरंगली, पण वल्हे सोडले की डावीकडे वळायची. पोरे तिला 'डावखुरी' म्हणत. दुसऱ्या पावसाळ्यात प्लायवुडचे थर पापडासारखे सुटले, आणि ज्या मुलाने होडी मागितली होती तो त्या सांगाड्याजवळ बराच वेळ उभा राहिला. "सर, आपण कुठे चुकलो?" असे त्याने विचारले. 'आपण' हा शब्द मला फार लागला.

* * *

मुंबईला आलेल्या आणखी एका नकाशाची गोष्ट सांगतो. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा तरुण इंग्रज अधिकारी ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर मुंबईहून काम करत असे. त्याने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी ठरवले की मुंबईत होडी बांधायची आणि तीतून घरी जायचे. त्यांनी इंग्लंडातून नकाशे मागवले. टपालाने गुंडाळी आली. उघडून पाहतात तो ती भलत्याच होडीची! १९२४ साली विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन आराखडेकाराने काढलेली 'एरिक' नावाची बत्तीस फुटी, जाडजूड, दोन्ही टोकांना निमुळती होडी. तिचे मूळ नॉर्वेत. कोलिन आर्चर याने तिथल्या कोळ्यांना वादळातून सोडवण्यासाठी ज्या बचावनौका केल्या, त्यांचेच हे लहान रूप. जुनाट, जड, पण दणकट. पुन्हा पत्रव्यवहार करायला सवड नव्हती. तेव्हा हीच बांधू, असे ठरले.

ती मुंबईच्या गोदीत, सागवानात, आपल्याकडच्या सुतारांच्या हातून बांधली गेली. वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता ह्या त्यांच्या हत्यारांनी. १९६४ च्या १९ डिसेंबरला ती पाण्यात उतरली. नाव 'सुहेली', अरबांच्या एका वाऱ्याचे नाव. १९६८ साली एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत लागली, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टनला मोठी पोलादी होडी हवी होती. पण पैसे जमेनात, म्हणून तो मुंबईची 'सुहेली' घेऊन निघाला. नऊ जण निघाले. सुरुवातीच्या आठवड्यांतच 'सुहेली'च्या कण्याजवळच्या फटीतून पाणी येऊ लागले. हा माणूस समुद्रात उतरला, श्वास रोखून पाण्याखाली त्या फटीत कापूस ठोसला, वर कॅनव्हास आणि तांब्याची पट्टी मारली. काम चालू असताना शार्क आला, तो बंदुकीने मारला आणि पुन्हा पाण्यात उतरला. १९६९ च्या २२ एप्रिलला तो इंग्लंडच्या फाल्मथ बंदरात परत आला. नऊ जणांत पोचणारा तो एकटाच. न थांबता एकट्याने पृथ्वीभोवती जाणारी जगातली पहिली होडी मुंबईच्या सुतारांनी चुकीच्या नकाशावरून बांधलेली होती!

मी विचार करू लागलो की इथे कोणाचे श्रेय किती? नकाशा अ‍ॅटकिनचा, त्याची बुद्धी आर्चरची, लाकूड आणि हात इथले. नकाशात फळी कुठे बसवायची ते लिहिलेले असते. कुठली फळी बसवायची ते लिहिलेले नसते. गाठ कुठे आहे, रेषा कुठे पळते, फळी उन्हाळ्यात कशी वागेल हे सुतार तिला टिचकी मारून ओळखतो. त्या सुतारांची नावे कुठल्या कोष्टकात नाहीत.

ह्या नकाशाने आपला किनारा पुन्हा एकदा पाहिला. गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांची नौकाबांधणीची जागा आहे. निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या मनात होते की भारतीयाने भारतात बांधलेल्या होडीतून एकट्याने जगाभोवती जावे. आराखडा व्हान द स्टाड या डच कचेरीकडून आला, छप्पन्न फुटी शिडाच्या होडीचा. दांडेकरांनी असली होडी पूर्वी कधी बांधली नव्हती. कमांडर दिलीप दोंदे, ज्यांना ती घेऊन जायचे होते, ते बांधकामाच्या वेळी तिथेच होते. नकाशा उलगडत आणि विचारत विचारत 'म्हादेई' उभी राहिली. तिच्यातून दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० ला परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच होडीतून कुठेही न थांबता जाऊन आले.

पुढे जुन्या शर्यतीला पन्नास वर्षे झाली म्हणून २०१८ साली ती पुन्हा भरवण्यात आली, तेव्हा टॉमींसाठी दांडेकरांनी दिवाडीला 'थुरिया' बांधली. अ‍ॅटकिनच्या त्याच 'एरिक'च्या आकृतीची, म्हणजे 'सुहेली'ची धाकटी बहीण. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ती उलटीपालटी झाली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली. तीन दिवसांनी फ्रेंच बोटीने त्यांना उचलले तेव्हाही 'थुरिया' तरंगत होती. चार वर्षांनी, २०२२ च्या शर्यतीत, दुसऱ्या होडीतून ते पुन्हा उतरले आणि दुसरे आले.

* * *

इतके सगळे वाचून झाल्यावर एका संध्याकाळी मी पुन्हा मेस्तांच्या पडवीत गेलो. ह्या वेळी हातात कागद नव्हता. मेस्त खंगले होते. त्यांच्या मुलांनी धंदा सोडला. एक मुंबईला, एक गोव्यात हॉटेलात. माडांच्या सावलीत त्यांनी बांधलेली शेवटची होडी उलटी पडलेली होती. तिच्या लाकडाला भुंगा लागला होता. पावसाच्या आत ती फोडून चुलीत घालायची, असे घरात ठरले होते.

मला एकदम सुचले. नकाशावरून होडी करता येते. मग होडीवरून नकाशा का करता येऊ नये? स्लोकमच्या 'स्प्रे'चेही पुढे तसेच झाले. होडी आधी, कागद मागाहून, आणि त्या कागदावरून किती तरी हौशी माणसांनी आपापल्या 'स्प्रे' बांधल्या.

सुट्टी लागताच मी त्याच मुलाला आणि त्याच्या चार मित्रांना घेऊन गेलो. तो आता दहावीत होता. मेस्तांची परवानगी विचारली. ते म्हणाले, "जळताहा तेच्यापेक्षा मोजलेली बरी." दोरी ताणली, ओळंबा सोडला, गुण्या लावला. दर दोन फुटांवर खडूने रेघ मारली आणि वहीत आकडे लिहू लागलो. मग शाळेच्या सभागृहात बाके हलवून फरशीवर पूर्ण आकाराची आकृती काढली. ह्या वेळी जमिनीवर लिहिणे गाळले नाही. सुपारीच्या लाकडाची पट्टी खिळ्यांवर वाकवली, आणि ती अशी वळली की मुले गप्प झाली. ज्या माणसाला अक्षर येत नव्हते त्याच्या हाताची ती रेषा होती. मेस्तांना आम्ही खुर्चीत बसवून आणले होते. त्यांनी आपली होडी आडवी, चपटी, खडूची अशी पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

एके ठिकाणी अडले. मुलगा म्हणाला, "सर, चौथ्या वाकाला डावी बाजू दोन फूट चार इंच येते, उजवी साडेतीनच. नकाशात एकच बाजू काढतात ना? मग कुठली धरू?"

मी मेस्तांकडे पाहिले.

"लाकूड तसा होता," ते म्हणाले. "दोनय लिवा."

आम्ही दोन्ही लिहिल्या.

ती पाने शाळेच्या कपाटात आहेत. येत्या सुट्टीत त्यांवरून होडी बांधायचे ठरले आहे. प्लायवुड नको, असे मुलांनीच सांगितले आहे.